बिडी ओढणाऱ्याला क्षमा, वळणारीला बंदी

आम्ही ख्रिस्ती झालो तेव्हा मिशननं आम्हाला भरभरून दिलं, असं आमच्या गावात अजून सांगतात. घर दिलं, कपडे दिले, दुधाच्या पावडरचे डबे दिले. मी आता शिकलेली बाई आहे, चार ओळी धड लिहू शकते, तेव्हा काय मिळालं ते एकदा लिहूनच टाकते.

दवनीवाड्याच्या बाजूला आमचं गाव. बाप दुसऱ्याची धानाची शेतं, आमच्याकडच्या बांध्या, ठोक्यानं करायचा, म्हणजे वर्षाला ठरलेला खंड देऊन. माझा धाकटा भाऊ वर्षाचाही नव्हता, तापानं फणफणला, म्हणून बाप त्याला खांद्यावर टाकून मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेला. भाऊ वाचला नाही. वाचला असता तर लोकांना बोलायला बरं झालं असतं की औषधासाठी बाटले. पण तो गेला. तिथल्या नर्सबाईनं त्याला स्वतःच्या हातांनी धुतलं, स्वतःच्या धुतलेल्या पातळात गुंडाळलं आणि बापाच्या शेजारी जमिनीवर बसून ती रडली. बाप घरी येऊन मायला म्हणाला, "आपल्या पोरासाठी आपल्या भावकीतलं कोनी आलं नाही. ती कोन कुठची बाई, ती काऊन रडली? मले तिच्या देवाले पाहाचं आहे."

एवढंच कारण. दुसरं काही नाही.

स्वातंत्र्य आलं त्या साली आमचा बाप्तिस्मा झाला. पुढची रोवणी लागायच्या आत मालकानं बांध्या काढून घेतल्या. चिखलणी झालेली होती, परे, म्हणजे धानाची रोपं, उपटायला आले होते, आणि मालकाचा माणूस येऊन बांधावर उभा राहिला. विहिरीवर मायची घागर बाजूला ठेवायला लागले. सौंदडच्या आत्यानं निरोप धाडला की राखीला येऊ नका. तर हे मिळालं. दुधाची पावडर मी पहिल्यांदा नागपूरच्या वसतिगृहात पाहिली, तीही दुसऱ्याच्या कपात.

दोन गाठोडी घेऊन आम्ही पायी गोंदियाला आलो. तांदळाच्या मिलच्या मागं एक खोली घेतली. बाप मिलमध्ये पोती वाहायचा. कोंड्याची धूळ त्याच्या छातीत बसली आणि दुसऱ्या वर्षी तो खोकत खोकत गेला. मी दहा वर्षांची होते. मायजवळ ना शेत, ना भाऊबंद, ना अक्षरओळख. गोंदियात घरबसल्या बाईमाणसाच्या हाताला मिळेल असं काम तेव्हा एकच होतं. शेजारणीनं तिच्यापुढं सूप ठेवलं, तेंदूची पानं भिजवून दाखवली, पत्र्याचा फर्मा ठेवून पान कसं कापायचं, जर्दा किती टाकायचा, तोंड कसं मोडायचं ते शिकवलं. मायची बोटं धानाच्या रोवणीत तयार झालेली. आठ दिवसांत ती शेजारणीपेक्षा चांगल्या बिड्या वळायला लागली. धागा बांधायचं काम माझं.

आता मंडळीबद्दल, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांबद्दल सांगते. गोंदियातली आमची मंडळी लहान. पत्र्याचं छप्पर असलेलं देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), पुरुषांना बाकं, बायांना खाली सतरंज्या. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, अहमदनगरकडचे, बोलणं मऊ, कोणाशी भांडण नको असा स्वभाव. खरा कारभार मुख्य पंचांचा. ते रेल्वेच्या मालधक्क्यावर मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, कोट घालायचे, घड्याळाला साखळी. माणूस खोटा नव्हता. हे मी आज लिहू शकते. तेव्हा लिहू शकले नसते.

आमच्या मंडळीत एक रीत होती, ती खेड्यांतून आलेली. सकाळी भाताचं आधण ठेवलं की गंजात तांदूळ टाकायच्या आधी एक मूठ देवासाठी वेगळी काढायची आणि चुलीजवळच्या गाडग्यात टाकायची. घरात कितीही कमी असलं तरी ती मूठ आधी. रविवारी बाया आपापली गाडगी आणायच्या आणि समोर ठेवलेल्या एका टोपल्यात ओतायच्या. त्यातला काही तांदूळ पाळकांच्या घरी जायचा, काही आजाऱ्यांकडे, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळे मिळून खातात ती, भाकर त्याच तांदळाची व्हायची. गहू आमच्याकडे पाहुण्याचं धान्य. पाव मागवला तर यायला दोन दिवस, तोवर त्याला बुरशी. म्हणून पाळकीणबाई स्वतः तांदूळ दळून जाड भाकर शेकायच्या आणि मेजावर पांढऱ्या रुमालाखाली ठेवायच्या. शेजारी एका पेल्यात मनुका भिजवून काढलेला रस. मुख्य पंच ताट घेऊन फिरायचे.

बाप गेल्यावर पहिल्यांदा मायनं ती भाकर घेतली तेव्हा ती बराच वेळ तोंडात धरून बसली होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय वं माय, गिळत काऊन नव्हतीस?"

"तुह्या बापाच्या बाजूले बसल्यासारखं वाटलं. लवकर उठू नाही वाटलं."

आमच्या घरात देव म्हणजे हा होता. दारिद्र्य गेलं नव्हतं, पण महिन्यातून एकदा कोणीतरी आम्हाला आपल्या ताटावर बोलावत होतं.

मी बारा वर्षांची असताना बाहेरगावचे एक उपदेशक आले. तीन दिवस सभा झाल्या. तिसऱ्या दिवशी ते दारू आणि तंबाखूवर बोलले. शरीर घाण करू नका, वगैरे. बोलणं जोरदार होतं. बाकांवरचे पुरुष एकेक करून उभे राहिले, खिशातली कट्टी, म्हणजे बिड्यांची जुडी, काढून पुढं ठेवायला लागले. काही रडले. मलाही गहिवरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. मग मुख्य पंच उठले आणि म्हणाले, "ओढणाऱ्यांनी सोडली. पण आपल्यात जे बनवतात त्यांचं काय?"

बायांच्या बाजूच्या माना आमच्याकडे वळल्या. बनवणाऱ्या चौघीजणी होत्या. चौघी विधवा नाहीतर नवऱ्यानं टाकलेल्या.

पुढच्या आठवड्यात पंचांची सभा बसली आणि ठराव झाला. तंबाखूचा धंदा करणाऱ्यांनी धंदा सोडेपर्यंत प्रभुभोजनात भाग घेऊ नये. उपासनेला यावं, अर्पण द्यावं, पण मेजापासून दूर राहावं. पाळकसाहेबांनी तो वाचून दाखवला. वाचताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

माय उभी राहिली. तिच्या हातांना बोटांपासून कोपरापर्यंत जर्द्याचा वास असायचा, तो कितीही धुतला तरी जात नसे. ती म्हणाली, "साहेब, सोडली तर खाऊ काय जी?"

"प्रभू पुरवील, बाई."

"तो पुरवूनच राहिला ना जी. ह्याच्यातूनच पुरवून राहिला."

कोणीतरी बाकावर हसलं. मुख्य पंच म्हणाले, "देवाच्या घरात वाद घालू नये."

माय बसली. मी वाट पाहत होते की आता कोणीतरी म्हणेल, बाई, बिडी सोडा, आमच्याकडे हे काम आहे. मंडळीत मिलचे मुकादम होते, शाळेचे मास्तर होते, दवाखान्यातले लोक होते. एकानंही तोंड उघडलं नाही. धंदा सोड म्हणणं किती सोपं असतं! मायनं तरी करून पाहिलं. एक महिना ती मिलमध्ये तांदूळ झाडायला गेली. तिलाही बापासारखा खोकला लागला. मी रडून आकांत केला तेव्हा ती परत सुपापुढं बसली. बिडीच्या ठेकेदाराचा माणूस माल तपासायला यायचा, त्याला हे कळलं होतं. तो हसून म्हणाला, "बाई, तेरे गिरजे में बिड़ी मना है, पर मेरे यहाँ गिरजा मना नहीं है. माल अच्छा ला, फिर चाहे जिसको पूज." त्या माणसाचं मन आमच्या मंडळीपेक्षा मोठं होतं, असं मी तेव्हा शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं.

पहिल्या रविवारी ताट आलं. मुख्य पंच सतरंजीच्या कडेनं वाकत वाकत येत होते. मायच्या डाव्या बाजूच्या बाईला दिलं, मग हात जरा वर उचलला, आणि उजव्या बाजूच्या बाईसमोर नेला. जसं पाण्यानं भरलेलं डबकं ओलांडतात तसं त्यांनी माझ्या मायला ओलांडलं. मायनं पदर दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

उपासना संपल्यावर मी देवळामागच्या विहिरीवर पाणी प्यायला गेले. तिथं भिंतीच्या आडोशाला चार पुरुष बिडी ओढत उभे होते. त्यांतले तिघे सभेत रडलेले. मला पाहून एकानं बिडी पाठीमागं लपवली. म्हणाला, "सांगजो नको बापा कोनाले. एकदम नाही सुटत." पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो कबुली देऊन, डोळे पुसून, भाकर खाऊन मोकळा झाला. त्याच्या पुढच्या महिन्यातही. ओढणाऱ्याला दर महिन्याला पश्चात्ताप करता येत होता. वळणारीला पश्चात्ताप करायची सोयच नव्हती, कारण सोमवारी चूल पेटवायची होती. आणि ते ओढत होते ती बिडी कोणी वळली होती? मला तर तिच्या तोंडाची मोडसुद्धा ओळखू आली.

चौघींपैकी एक आपल्या माहेरी, जुन्या देवाकडे निघून गेली. दुसरी दोन महिने आली आणि मग दिसेनाशी झाली. तिसरी दाराबाहेर बसून ऐकायची. माय मात्र आपल्या जागेवर, मधोमध. दर महिन्याला तिला ओलांडून ताट जायचं आणि दर रविवारी ती गाडगं ओतायची.

हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं, पण आलं तेव्हा अंगाची आग झाली. आमचा तांदूळ बिडीच्या पैशाचा. तो त्यांना चालत होता. त्याची भाकर मेजावर चालत होती. तीच भाकर मायच्या तोंडात चालत नव्हती!

तेव्हा सकाळचा भात मी टाकायचे. मी मूठ काढणं बंद केलं. माय विचारेल म्हणून गाडग्यात खाली चिंधी कोंबली आणि दर शनिवारी वर मूठभरच तांदूळ पसरायला लागले. मला वाटलं, मी फार हुशार आहे. तीन रविवार गाडगं मीच ओतलं आणि खपून गेलं. चौथ्या रविवारी मायनं गाडगं उचललं, तळहातावर तोललं आणि खाली ठेवलं. रोजच्या रोज जर्दा आणि पानाची जुडी हातानं तोलणारी बाई ती. तिला फसवायला निघाले होते मी.

"चिंधी कायले टाकली?"

मी चुलीत लाकूड सारलं.

"बोल ना. तोंडात जर्दा आहे का?"

मग मी सगळं ओकले. "नाही देत मी त्याईले! आपला तांदूळ खातेत आन् तुले ओलांडून जातेत! लाज नाही वाटत?"

"कोनाले देऊन राहिली मी? पंचाले?"

"मंग कोनाले?"

"ज्याच्यासाठी तुह्या बापानं बांध्या सोडल्या त्याले. त्यानं मले कधी ओलांडलं नाही. मिलमध्ये बाप खोकून राहिला होता तवा पंच नव्हता आला. तो आला होता." मग तिचा आवाज चढला. "आन् राग मले नाही का? तुले वाटते माय गरीब गाय आहे? बिडी वळतानी एका कट्टीले एक मानूस धरून मी प्रार्थना करतो. एक तुही, एक शेजारनीची, एक त्या बाहेर बसनारीची. पंचाचीबी एक असते. कधी कधी त्याच्या कट्टीले शिव्याच जातेत सगळ्या. देव दोन्ही आयकते. म्हनते, बरं झालं, बोलून टाकली."

मला हसू आलं, तिलाही आलं. मग तिनं मला चार आठवड्यांच्या मुठी एकदम काढायला लावल्या. त्या दिवशी आमच्या ताटात भात कमी होता. मी रागानं जेवले, पण जेवले.

सोळाव्या वर्षी माझं दृढीकरण झालं, म्हणजे प्रभुभोजन घ्यायला मी पात्र ठरले. धडे सगळे पाठ, पाळकसाहेब खूश. मी शाळकरी मुलगी, कोणाच्या लेखी बिडीवाली नव्हे. त्या रविवारी पहिल्यांदा ताट माझ्यासमोर थांबलं. माय शेजारी बसलेली, आनंदानं तिचे डोळे भरलेले. मुख्य पंच वाकले आणि मी हात पुढं केला नाही. मी म्हणाले, आणि जोरात म्हणाले, "मी पण बिडीचा धागा बांधते. रोज बांधते. मला कसं चालतं?"

पंचांचं तोंड लाल झालं. ते ताट घेऊन पुढं गेले. आता आम्ही दोघी ओलांडलेल्या.

मला वाटलं होतं माय मला कुरवाळेल. रस्ताभर ती माझ्यापुढं झपाझप चालली. खोलीत आल्यावर तिनं मला असं झाडलं की आजवर तसं झाडलं नव्हतं. "देवाच्या ताटाले नाही म्हनतेस? तुले कोनं एवढं मोठं करून ठेवलं? मी इतकी वर्सं भुकेली बसून आहे आन् तुह्या तोंडापाशी आलं तं तू पंचाशी भांडून राहिली! ते ताट पंचाचं आहे का?"

"तुला देत नाहीत तोवर मी घेणार नाही."

"हे माह्यासाठी नाही. हे तुह्या नाकासाठी आहे."

हे वाक्य मी कित्येक वर्षं गिळू शकले नाही. गिळायचं नव्हतंच मला. मॅट्रिक झाले, नागपूरला कॉलेजात गेले. शिफारशीचं पत्र मंडळीकडून लागायचं, ते मुख्य पंचांनीच सुरेख अक्षरात लिहून दिलं. त्यात मायच्या धंद्याचा उल्लेख नव्हता. मला ते सौजन्य वाटलं नाही, लपवाछपवी वाटली. वसतिगृहातल्या मुली दर महिन्याला प्रभुभोजनाला जायच्या, मी डोकं दुखतं म्हणून पडून राहायचे. माझ्या मनात देवाशी भांडण नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते. पण ज्याच्या ताटावर चार वर्षं जेवलो नाही त्याच्याशी भांडण नाही असं कसं म्हणायचं? सुटीत घरी यायचे तेव्हा माय सुपापुढं बसलेली असायची, ओठ हलत असायचे, आणि तिच्याकडे पाहून मला स्पष्ट दिसायचं की बंदी तिच्यावर आहे आणि दूर गेलेली मी आहे. त्याचाही मला रागच यायचा.

मी बी. ए. झाले. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, आणि मंडळीतली पहिली पदवीधर मुलगी. मंडळीला काय आनंद झाला! जूनच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर सत्कार ठरला. झेंडूचा हार आणला. मुख्य पंच बोलायला उभे राहिले. ते तेव्हा बरेच थकले होते, काठी टेकून उभे राहायचे. म्हणाले, "ही कन्या आपल्या मंडळीचं भूषण आहे. ख्रिस्ती आईनं कसे संस्कार करावेत त्याचं हे उदाहरण."

ख्रिस्ती आईनं!  मी रात्री बसून, माफ करा, चार दिवस बसून भाषण लिहून ठेवलं होतं, त्यात इतिहास होता, न्याय होता, मोठमोठे शब्द होते. उभी राहिले आणि एकही आठवेना. हातात हार घेऊन मी एवढंच म्हणाले, "माझं शिक्षण बिडीवर झालं. पुस्तकं बिडीची, फी बिडीची. ते तुम्हाला भूषण वाटतं. आणि ते करणारी इथं नऊ वर्षं उपाशी बसली आहे. तिला तुम्ही उदाहरण म्हणता?" पुढं मला रडू फुटलं. काही शोभा राहिली नाही. मी हार मेजावर ठेवला आणि खाली बसले.

 पाळकसाहेब घसा साफ करायला लागले, आता ते शेवटची प्रार्थना घेऊन सगळ्यांना घरी पाठवणार हे मला दिसत होतं. तेवढ्यात पाळकीणबाई उठल्या. त्या कधी सभेत बोलत नसत. त्यांनी मेजाजवळचं तांदळाचं टोपलं उचललं. जड होतं, त्या दिवशी सगळ्यांची गाडगी ओतून झाली होती. ते त्यांनी कमरेवर घेतलं, बाकांपर्यंत नेलं आणि मुख्य पंचांच्या पायांपुढं ठेवलं.

"भाऊसाहेब, पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे," त्या म्हणाल्या. "उद्या मला ह्याचं दळण करायचंय. ह्यात या बाईंचा तांदूळ आहे. तंबाखूच्या धंद्याचा. तो तेवढा निवडून बाजूला काढून द्या, मग मी भाकर करते."

"म्हणजे?"

"म्हणजे निवडून द्या. नऊ वर्षं मी हा तांदूळ पाखडते आहे. मला त्यातला तुमचा कुठला आणि त्यांचा कुठला ते कधी कळलं नाही. मी गप्प बसले, ते माझं पाप. आजपासून गप्प बसणार नाही. निवडून मिळाला नाही तर मी भाकर करणार नाही."

बायांच्या बाजूनं एक म्हातारी म्हणाली, "सूप आनू का जी, निवडाले?" आणि कोणीतरी फिसकन हसलं, पण ते हसू लगेच विरलं. कारण मुख्य पंच खरोखरच टोपल्याकडे पाहत होते. ते वाकले. मुठीत तांदूळ घेतला, तळहातावर पसरला, चष्म्याखालून पाहिला. कुठं जाडा दाणा, कुठं बारीक, कुठं कणी. आयुष्यभर मालधक्क्यावर कुठलं पोतं कोणाचं हे ठरवलेला माणूस. बोटानं एकेक दाणा सरकवून पाहिला.

"नाही निवडता येत," ते म्हणाले. तांदूळ परत टोपल्यात सोडला. मग पाळकांकडे न पाहता म्हणाले, "ठराव मागं घ्यायचा असेल तर मी आड येणार नाही."

यापेक्षा जास्त काही नाही. मायची माफी मागितली नाही. मी वाट पाहिली. मला ती माफी हवी होती, सगळ्यांसमोर, मोठ्यानं, कोट काढून. पाळकसाहेबांनी मत घेतलं आणि बाकीच्या पंचांनी तिथंच हात वर केले. दोघांनी केले नाहीत. मुख्य पंचांनी अर्धा केला. ठराव रद्द झाला. बाहेर आल्यावर मी मायला म्हणाले, "एक शब्द तरी बोलायला हवा होता त्यांनी."

"बोलन तो. पाय चालत नाही त्याचे, तोंडबी हळूच चालन." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आन् तुहं काय? आता तं तुले कारन नाही राहिलं. घेशील?"

"त्यांच्या हातून?"

"मंग कोनाच्या? तोच वाटते ना ताट."

तो आठवडा मला फार जड गेला. खरं सांगते, मायला मेजावर परत आणणं मला सोपं वाटलं होतं, तिथं मी शूर होते. पण ज्या हातानं माझ्या मायला नऊ वर्षं ओलांडलं त्याच हातासमोर आपला हात पसरायचा, आणि मनात शिवी नसताना पसरायचा, हे माझ्या पदवीनं जमणार नव्हतं. मी मायच्या शेजारी बसून धागा बांधायला लागले. तिच्यासारखी एक कट्टी पंचांच्या नावानं धरली. पहिल्या कट्टीला सगळा रागच बाहेर आला. दुसरीलाही. शनिवारी दुपारी एका कट्टीला शब्द संपले. मला त्यांचा तो तळहात दिसला, वर पसरलेला, म्हाताऱ्याचा, दाणे शोधणारा. मी देवाला म्हणाले, त्यांनी माफी मागावी हा हट्ट सोडायला मदत कर. लगेच काही सुटलं नाही. पण मागितलं, पाच वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

रविवारी मी आणि माय सतरंजीवर मधोमध बसलो. दाराबाहेर बसणारीला मायनं हाताला धरून आत ओढून आणलं होतं. मुख्य पंच काठी ठेवून ताट घेऊन आले. काठीशिवाय तोल जात होता, ताट कलत होतं, म्हणून मायनं खालून हात लावला. त्यांनी भाकरीचा तुकडा तिला दिला आणि फार हळू, फक्त आम्हाला ऐकू येईल असं म्हणाले, "बाई, फार उशीर केला आम्ही." माय म्हणाली, "होय जी, केला." मग ताट माझ्यासमोर आलं आणि मी हात पुढं केला.

त्या जुलैच्या पहिल्या रविवारी माझ्या मायनं नऊ वर्षांनी प्रभुभोजन घेतलं. बाहेर बसणाऱ्या बाईनं घेतलं. मी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं. माय त्यानंतरही बिड्या वळत राहिली, मला शाळेत नोकरी लागेपर्यंत, आणि तिला कोणी पुन्हा ओलांडलं नाही.